फिस्टुला फेल गेला, पण डावा हात त्याच्या आधीच गेला होता

डायलिसिस सेंटरच्या बाहेर बाकड्यावर चार-चार तास बसणाऱ्या आम्हा नातेवाईकांमध्ये एक वाद कायम चालू असतो. कुणाचा तरी फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात केलेला रक्तवाहिन्यांचा जोड, बंद पडतो आणि लगेच एकजण म्हणतो, सर्जनच बरोबर नव्हता, आमच्या काकांचा अमक्या डॉक्टरांनी केला, सहा वर्षं झाली, मस्त चालतोय. त्यावर दुसरा, जो आतून डॉक्टरांशी बोलून आलेला असतो, तो म्हणतो की पेशंटच्या नसाच खराब, त्याला सर्जन तरी काय करणार. आमच्या घरात आईचा पहिला फिस्टुला अकराव्या दिवशी बंद पडला तेव्हा मामा आणि माझा मोठा भाऊ याच दोन वाक्यांवर इतके भांडले की महिनाभर बोलत नव्हते. तेव्हापासून गेली चार वर्षं मी हा वाद ऐकतोय आणि मला आता ठामपणे वाटतं की वाद चुकीच्या जागी चाललाय. फिस्टुला टिकणार की नाही याचा बराचसा निकाल ऑपरेशन थिएटरच्या बाहेर लागतो. आधीच्या दोन-तीन वर्षांत त्या हाताचं काय झालं, ऑपरेशन वेळेवर झालं का, नंतरच्या दीड महिन्यात कुणी हात बघितला का, आणि पहिली सुई कधी आणि कुणी टोचली, या प्रश्नांवर आपण बोलतच नाही. सगळं लक्ष त्या एका तासावर, ज्यात टाके घातले गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण फिस्टुला म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना भगंदर आठवतं. हा फिस्टुला हातात करतात. मनगटापाशी किंवा कोपरापाशी रक्त घेऊन येणारी धमनी आणि परत नेणारी शीर यांना छोटासा जोड देतात. मनगटातल्या धमनीतून एरवी मिनिटाला जेमतेम वीस-तीस मिली रक्त जात असतं, जोड दिल्यावर तेच काही शे मिलीवर जातं आणि त्या दाबाने पुढची शीर हळूहळू फुगते, तिची भिंत जाड होते. डायलिसिसच्या मशीनला मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त लागतं, साध्या शिरेतून ते निघत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. जोड चालू असला की हातावर बोट ठेवल्यावर मांजर कुशीत बसून घुरघुरावं तशी थरथर लागते, तिला सगळे थ्रिल म्हणतात. म्हणजे नीट बघा, सर्जन फक्त जोड देतो, पुढचं फुगणं-जाड होणं हे काम त्या शिरेला स्वतःलाच करायचं असतं, आणि ती शीर जर आतून आधीच वाळलेली असेल तर जगातला कुठलाही टाका तिला फुगवू शकत नाही.

डायलिसिसचा इतिहास काढून बघितला तरी हेच दिसतं. विलेम कोल्फने १९४३ साली हॉलंडमधल्या कांपेन गावात, युद्ध चालू असताना, कृत्रिम किडनीचं मशीन चालवून दाखवलं. मशीन काम करत होतं. पण दर वेळी रक्त काढायला नवी रक्तवाहिनी उघडायला लागायची, आणि त्याच्या पहिल्या पेशंट बाईच्या बाबतीत डायलिसिस होत असूनही शेवटी सुई घालायला जागाच उरली नाही. मग १९६० मध्ये सिअ‍ॅटलला बेल्डिंग स्क्रिब्नरने टेफ्लॉनची नळी हाताबाहेर कायमची बसवून मार्ग काढला, त्यामुळे पहिल्यांदा माणसं डायलिसिसवर वर्षानुवर्षं जगू लागली, पण नळीत गुठळ्या आणि जंतू ही डोकेदुखी होतीच. आणि मग न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये १९६५ साली पहिला फिस्टुला झाला, १९६६ मध्ये त्यावरचा लेख छापून आला. त्याला आजही ब्रेशिया-सिमिनो फिस्टुला म्हणतात. ब्रेशिया आणि सिमिनो हे दोघंही फिजिशियन होते, प्रत्यक्ष जोड शिवणारा सर्जन होता अ‍ॅपेल, त्याचं नाव लेखावर आहे पण लोकांच्या तोंडी राहिलं नाही. अ‍ॅपेलवर हा अन्याय आहे असं मला वाटतं, तरीही यातून एक गोष्ट कळते, की फिस्टुला ही पहिल्यापासून किडनीचा डॉक्टर आणि सर्जन यांनी मिळून करायची गोष्ट होती. आपल्याकडे ती एका चिठ्ठीवर आली, 'एव्ही फिस्टुलासाठी पाठवत आहे', झालं, आणि पुढे दोघांची गाठ पडतेच असं नाही.

आता मामांच्या बाजूचा मुद्दा, तो कच्चा नाही. सर्जनने फरक पडतो, नक्की पडतो. दोन-तीन मिलिमीटरच्या नळ्या एकमेकींना शिवायच्या म्हणजे हात बसलेला हवा. हे रक्तवाहिन्या शिवण्याचं तंत्र ज्याने बसवलं त्या अलेक्सिस कॅरेलने ल्योंमधल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून बारीक टाका शिकून घेतला होता, १९१२ साली त्याला नोबेल मिळालं. आणि डॉप्स नावाचा जो अनेक देशांतल्या डायलिसिस पेशंटचा मोठा अभ्यास आहे त्यात २००८ मध्ये स्पष्ट आलं की ज्या सर्जननी शिकत असताना निदान पंचवीस फिस्टुला केले होते त्यांच्या हातचे फिस्टुला सुरुवातीलाच फेल जाण्याचा धोका ३४ टक्क्यांनी कमी होता. हा आकडा मी कुठेही लपवणार नाही. सर्जन निवडताना तुम्ही वर्षाला किती फिस्टुला करता हे विचारणं हा पेशंटचा हक्क आहे आणि विचारलंच पाहिजे.

पण मग एवढंच कारण असतं तर अमेरिकेत काय झालं ते कसं समजावून सांगणार? तिथे ८७७ पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, तोही २००८ मध्येच छापला गेला. फिस्टुला केल्यावर अर्ध्या लोकांना क्लोपिडोग्रेल म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी दिली, अर्ध्यांना नुसती दिखाऊ गोळी. गुठळीचं प्रमाण खरंच खाली आलं, साधारण साडेएकोणीस टक्क्यांवरून बारा टक्क्यांवर. सगळ्यांना वाटलं जिंकलो. पण फिस्टुला प्रत्यक्ष डायलिसिसला वापरता आला का हे बघितलं तर दोन्ही गटांत साधारण साठ टक्के फिस्टुला उपयोगी आलेच नाहीत! जोड उघडा राहिला, शीर तयार झाली नाही. मोठी सेंटर, शिकलेले सर्जन, गोळी सुद्धा दिली, तरी दहातले सहा वाया. म्हणजे 'चालू आहे' आणि 'कामाला येतो' यात जे अंतर आहे तिथे सर्जनचा टाका संपतो आणि बाकीच्या गोष्टी सुरू होतात.

दुसऱ्या बाजूचं, म्हणजे भावाचं म्हणणं, की नसाच खराब. हेही खोटं नाही. वय जास्त असेल, बऱ्याच वर्षांची शुगर असेल तर धमन्यांच्या भिंती कडक झालेल्या असतात, त्यात चुना जमलेला असतो, दाब पुढे नीट पोचत नाही. बायकांच्या रक्तवाहिन्या मुळात बारीक असतात. जाड माणसाच्या हातात शीर खोल असते, फुगली तरी सुईला सापडत नाही. हे सगळं मान्य. पण जपान बघा, तिथले डायलिसिस पेशंट म्हातारे, नवीन पेशंटमध्ये किडनी जाण्याचं पहिल्या नंबरचं कारण शुगर, आणि तरी दहातल्या साधारण नऊ लोकांचं डायलिसिस फिस्टुलावर चालतं. नसा ही फक्त नशिबाची गोष्ट असती तर हे झालं असतं का? आणि त्याहून महत्त्वाचं, 'नसा खराब आहेत' असं म्हणताना त्या खराब कशा झाल्या हे आपण का विचारत नाही?

आमचंच सांगतो. फिस्टुला बंद पडल्यावर मी आईच्या जुन्या फाईली काढून बसलो. आदल्या दीड वर्षात ती तीन वेळा अ‍ॅडमिट झाली होती, एकदा युरिन इन्फेक्शन, एकदा जुलाब, एकदा दम लागला म्हणून, आणि पहिल्या वेळीच क्रिएटिनिन चारच्या घरात होतं, म्हणजे आज ना उद्या डायलिसिस लागणार हे कागदावर लिहिलेलं होतं. तिन्ही वेळा इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनची सुई, डाव्या हाताला, मनगटाच्या वर, अंगठ्याच्या रेषेत जी ठळक शीर दिसते तिथे. आणि हे कुणी ठरवलं? आम्हीच. सिस्टर ट्रे घेऊन आल्या आणि विचारलं कुठला हात, तेव्हा ताई म्हणाली डाव्याला लावा, उजव्या हाताने जेवता येईल तिला. सगळी घरं हेच सांगतात. आपल्याकडे जेवायला उजवा हात मोकळा हवा म्हणून सलाईन डाव्याला, आणि फिस्टुला करायचा तोही डाव्यालाच कारण कामाचा हात मोकळा ठेवायचा. म्हणजे जी शीर पुढे जन्मभर वापरायची तिच्यातच आपण आधी अँटिबायोटिक ढकलत बसतो. दुसऱ्या अ‍ॅडमिशनला ती शीर सुजून लाल झालेली, मी स्वतः रोज थ्रोंबोफोबचं मलम चोळत होतो, आठ दिवसांनी सूज गेली आणि बोटाखाली दोरीसारखी कडक रेष राहिली. मला वाटलं बरं झालं. सर्जनने ऑपरेशनच्या वेळी त्याच दोरीला जोड दिला, कारण आधी डॉप्लर, म्हणजे आतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, केलाच नव्हता, नुसता हात बघून ठरवलं. सर्जनची चूक? हो, डॉप्लर न करणं ही चूक होती. पण दोरी त्यांनी नाही केली.

आणि हे एका घराचं नाही हो. थकवा आला की 'एक बाटली लावा डॉक्टर' हे आपल्या गावागावात चालतं, बाटली लावली की औषध दिल्यासारखं वाटतं, डॉक्टरलाही आणि पेशंटलाही. ज्याची किडनी अर्ध्याहून जास्त गेलीय त्याच्या हातातली मनगटापासून खांद्यापर्यंतची प्रत्येक शीर ही पुढची एफडी आहे हे त्याला कुणीही सांगत नाही. सुई लावायचीच तर हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला लावा, रक्त तपासायला तिथूनच घ्या, दंडातून छातीपर्यंत जाणारी लांब पिक लाईन तर किडनीच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय टाकूच नका, अमेरिकेतल्या किडनी तज्ज्ञांच्या संघटनेने पिक लाईनचं हे २०१२ मध्येच लिहून दिलंय. यात कुठलं महागडं मशीन लागतं? एक पेन लागतं, फाईलवर 'डावा हात राखीव' लिहायला.

वेळेचाही प्रश्न आहे आणि तिथे घरच्यांचा दोष मोठा आहे, पण मला त्यांच्यावर रागावता येत नाही. डॉक्टर म्हणतात 'हात करून घ्या', म्हणजे फिस्टुला करून घ्या, आणि आपल्याला ऐकू येतं की डायलिसिस पक्कं झालं. मग आयुर्वेदिक बघू, कुणीतरी काढा सांगितलाय, पथ्याने क्रिएटिनिन उतरेल, असं करत सहा महिने जातात आणि एका रात्री दम लागून आयसीयूत जावं लागतं, तिथे मानेत नळी घालून पहिलं डायलिसिस. भीती खरी असते, हातात कायमची खूण करून घ्यायची म्हणजे मनाने हार मानल्यासारखं होतं. पण शिरेला तयार व्हायला निदान सहा आठवडे ते तीन महिने लागतात, एखाद्या वेळी पहिला फेल जाऊन दुसरा करावा लागतो, म्हणून गाईडलाईन सांगते की डायलिसिस लागेल असा अंदाज असतो त्याच्या सहा महिने आधीच हात व्हावा. मानेतल्या नळीवर काढलेले महिने फुकट जात नाहीत, त्यांची किंमत पुढच्या फिस्टुलाला मोजावी लागते. नळी मोठ्या शिरेत घासून घासून तिथे आकुंचन येतं, विशेषतः गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेत घातलेली असेल तर, आणि मग त्या बाजूच्या हाताला कितीही सुंदर फिस्टुला केला तरी रक्ताला परत जायला वाट नसते, हात सुजून भप्प होतो.

ऑपरेशननंतर काय? डिस्चार्ज कार्डवर टाके काढायची तारीख असते, दहा-बारा दिवसांनंतरची. त्यानंतरची तारीखच नसते. सहाचा एक सोपा नियम किडनीवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे, सहा आठवड्यांनी बघायचं, शीर सहा मिलिमीटर रुंद झाली का, कातडीखाली सहा मिलिमीटरच्या आत आहे का आणि मिनिटाला सहाशे मिली रक्त वाहतंय का. नसेल तर का नाही हे शोधता येतं, बऱ्याचदा जोडाच्या जवळच शीर आवळलेली असते आणि ती फुगा घालून रुंद करता येते, किंवा बाजूची एखादी फांदी रक्त चोरत असते ती बांधता येते. पण कुणी हात बघितला तर ना! पेशंट सर्जनकडे परत जात नाही, डायलिसिस सेंटर म्हणतं सर्जनने सांगितलं तर टोचू, आणि तीन महिन्यांनी कळतं की शीर वाढलीच नाही. उलट टोकाची घाईही होते. मानेतली नळी बिघडली की पंधरा दिवसांच्या कोवळ्या फिस्टुलात सुया घालतात. डॉप्सच्या आकड्यांत १४ दिवसांच्या आत टोचलेले फिस्टुला पुढे बंद पडण्याचा धोका दुपटीहून जास्त होता.

आणि सुई टोचणारा टेक्निशियन, त्याच्याबद्दल तर या वादात कुणी चकार शब्द काढत नाही. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी दोन जाड सुया, म्हणजे वर्षाला दोनशे ते तीनशे वेळा त्या शिरेला भोक पडतं. सर्जनने एकदाच हात लावला, टेक्निशियन तीनशे वेळा लावतो, मग यश कुणाच्या हातात जास्त? नवीन मुलगा असेल आणि सुई शिरेच्या पलीकडे गेली तर हात काळानिळा होऊन टेनिस बॉलएवढा फुगतो, आठवडाभर वापरता येत नाही. दुखत नाही म्हणून पेशंटच सांगतो नेहमीच्याच जागी टोच, तिथली भिंत पातळ होऊन फुगवटा येतो. डायलिसिसमध्ये पाणी जास्त ओढलं, बीपी नव्वदच्या खाली गेलं, रात्री त्याच हातावर डोकं ठेवून झोपला, सकाळी थ्रिल गायब. बायकांच्या घट्ट बांगड्या, पिशवीचा बंद त्याच हाताला अडकवणं, कुठल्या तरी कॅम्पमध्ये त्याच हाताला बीपीचा पट्टा, एवढ्याशा गोष्टींनी चांगला चाललेला फिस्टुला जातो.

हे सगळं ऐकून तिसरा एक गट म्हणतो, मग एवढा त्रास कशाला, परमकॅथ म्हणजे छातीतून बसवायची नळी टाका, त्याच दिवशी डायलिसिस सुरू, सुई टोचायला नको. मी मान्य करतो की काही जणांसाठी हेच योग्य असतं. ऐंशी वर्षांचं हृदय थकलेलं माणूस, ज्याच्याकडे थोडा काळ आहे, त्याला तीन-तीन ऑपरेशनं करून हात तयार होण्याची वाट बघायला लावणं ही क्रूरता आहे, अमेरिकेच्या २०१९ च्या गाईडलाईननेही आता माणूस बघून ठरवा असंच म्हटलंय. पण पन्नाशीच्या रिक्षावाल्याला, ज्याला अजून दहा वर्षं काढायचीत, छातीत नळी घेऊन घामात, धुळीत, पावसाळ्यात जगायला सांगणार? ती नळी थेट हृदयाच्या तोंडाशी जाते. त्यात जंतू गेले तर थंडी वाजून ताप आणि दोन दिवसांत आयसीयू, हे त्या बाकड्यावर मी किती वेळा बघितलंय.

अमेरिकेने २००३ मध्ये 'आधी फिस्टुला' अशी मोहीम काढली, त्यातूनही आपण शिकायला हवं. फिस्टुलावर डायलिसिस घेणारे तेव्हा साधारण एक तृतीयांश होते, दहा वर्षांत साठ टक्क्यांच्या पुढे गेले. मोठं यश. पण त्याच काळात नव्याने डायलिसिस सुरू करणाऱ्यांपैकी ऐंशी टक्के लोक नळीवरच सुरू करत राहिले, कारण ऑपरेशन वाढवता आलं पण पेशंट वेळेवर किडनीच्या डॉक्टरकडे पोचणं वाढलं नाही. आपल्याला हे नवीन आहे का? गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं, वैनगंगेचं पाणी अडलं, आणि कालव्यांची कामं पुढे दशकानुदशकं रेंगाळली, शेतकरी भरलेल्या धरणाकडे बघत बसला. इथे सुद्धा सरकारने डायलिसिस योजनेत घेतलं, २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, जिल्ह्याच्या ठिकाणी मशीनं आली, ही फार मोठी गोष्ट आहे, गरिबाला त्यामुळे जीव मिळाला. पण मशीनपर्यंत रक्त नेणारा कालवा तालुक्याच्या डॉक्टरकडून, वॉर्डातल्या सिस्टरकडून, टेक्निशियनकडून येतो आणि त्यांना योजनेत कुणी धरलेलंच नाही.

म्हणून मला वाटतं की 'चांगला सर्जन सुचवा' असं विचारायच्या जागी हॉस्पिटलच्या काउंटरवर दुसरा प्रश्न विचारायला हवा, की मागच्या वर्षी तुमच्याकडे झालेल्या फिस्टुलांपैकी तीन महिन्यांनी कितींमध्ये दोन सुया जात होत्या? किती ऑपरेशनं केली ते नको. हा आकडा ठेवायचा म्हटलं की डॉप्लर आपोआप होईल, सहा आठवड्यांची तारीख कार्डवर येईल, टेक्निशियनला शिकवावं लागेल, कारण एक जरी कडी तुटली तरी आकडा पडेल. आणि दोष द्यायचाच तर तो नेमका कुठे द्यायचा हे तरी कळेल, मामा आणि भावाला महिनाभर अबोला धरायची गरज पडणार नाही.

आईचा दुसरा फिस्टुला डॉप्लर करून डाव्याच हाताला, पण कोपरावर झाला, तोवर मानेतली नळी तीन महिने होती. चार वर्षं झाली. रोज सकाळी चहाच्या आधी ती उजव्या हाताची दोन बोटं त्यावर ठेवते आणि मान हलवते, की मग मी चहा ठेवतो. मागच्या पावसाळ्यात तापासाठी अ‍ॅडमिट केली तेव्हा रात्रीच्या सिस्टर ट्रे घेऊन आल्या, सवयीने डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. आईने डावा हात पदराखाली घेतला आणि उजवा पंजा पालथा करून पुढे केला. पुढचे चार दिवस तिला जेवण मी भरवलं.